वालाचा वेल मांडवभर माजतो, पण शेंगा धरत नाहीत: दरवर्षीच्या तक्रारीचा छडा

पोळा होऊन जातो, गणपती येऊन जातात, वालाचा वेल मांडव ओलांडून शेजाऱ्याच्या पत्र्यावर पोचतो आणि फूल काही दिसत नाही. मग कुणी युरिया टाकायला सांगतं, कुणी टॉनिकची बाटली आणून देतं. दसऱ्याच्या सुमाराला वैतागून चांगला धडधाकट वेल उपटून टाकणारे लोक मी पाहिलेत. मराठवाड्यात परसबागेत शेंगांचे वेल लावणाऱ्यांची ही दरवर्षीची तक्रार आहे, आणि दहातल्या आठ वेळा वेलाला काहीही झालेलं नसतं. त्याची फुलायची वेळ झालेली नसते, एवढंच.

उरलेल्या दोन वेळा मात्र खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. दोन्हींचा उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहे, म्हणून औषधाच्या दुकानात जाण्याआधी आपण नेमकं काय लावलंय ते बघा.

बी बघून ओळखा

आपल्याकडे घेवडा, वाल, पावटा, बीन्स ही नावं गावागणिक फिरतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. बी हातात घ्या. बियाच्या एका कडेला ठळक पांढरी, उंचावलेली रेघ असेल तर तो वाल. त्याच्या फुलांचे दांडे पानांच्या वर उभे राहतात. रेघ नाही, बी लांबट आणि मूत्रपिंडाच्या आकाराचं आहे, तर तो श्रावण घेवडा म्हणजे फरसबी.

तिसरा प्रकार हल्ली ऑनलाइन पाकिटांतून येतो: लाल फुलांचा 'रनर बीन'. बी चांगलं अंगठ्याच्या नखाएवढं, जांभळट, त्यावर काळे शिंतोडे, क्वचित पांढरंशुभ्र. पाकीट फेकून दिलं असेल तरी उगवणीवरून कळतं. वाल आणि फरसबीचं बी फुगून, दोन दलं घेऊन मातीच्या वर येतं. रनर बीनची दलं मातीतच राहतात, वर थेट कोंब आणि पानं येतात.

वाल असेल तर: दिवस आखडायची वाट बघा

जुना गावरान वाल दिवसाच्या लांबीवर फुलतो. आपल्याकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांवर येतो. सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखे होतात, त्यानंतर दिवस लहान होत जातो आणि रात्र लांबत जाते, तेव्हा कुठे या वालाला फुलायचा इशारा मिळतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून कळ्या, दिवाळीच्या मागेपुढे फुलं, आणि शेंगांचा खरा भर मार्गशीर्ष-पौषात. लातूर, धाराशिव, नांदेडकडे येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जीत वालाच्या शेंगा पडतात त्या याच हिशोबाने. वेळ अमावस्या मार्गशीर्षाच्या शेवटी येते, तोवर वेल ऐन भरात असतो.

म्हणजे मृगाच्या पावसावर लावलेला वाल चार महिने नुसता वाढतो. खत दिलं की आणखी वाढतो. फुलायची तारीख मात्र तीच राहते.

यावरचा सोपा उपाय फारसं कुणी करत नाही: बी उशिरा टोका. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावलेला वालही जवळपास त्याच सुमाराला फुलतो, फक्त वेल निम्माच वाढलेला असतो. मांडव लहान पुरतो, पावसाळ्यातल्या मावा-भुरीला चरायला कमी पाला मिळतो, आणि शेंगा हाताला लागतील इतक्या खाली येतात. ज्यांच्याकडे जागा कमी आहे त्यांनी मृगाचा मुहूर्त सोडूनच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शेताच्या बांधावर जागाच जागा असेल तर गोष्ट वेगळी.

दिवाळी उलटून गेली तरी कळी नसेल तर रात्री बाहेर जाऊन बघा. रस्त्यावरच्या एलईडी दिव्याचा किंवा अंगणातल्या फोकसचा उजेड रात्रभर वेलावर पडतोय का? अशा पिकांना रात्रीचा सलग अंधार लागतो. हायमास्टखालचं सोयाबीन कापणीच्या वेळीही हिरवंच उभं असतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. वालाचंही तसंच होतं. दिवा हलवता येत नसेल तर पुढच्या वर्षी वेल हलवा.

ज्यांना थांबायचंच नाही त्यांच्यासाठी दिवसाच्या लांबीला न जुमानणारे झुडपी वाल आहेत: बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का जय' आणि 'अर्का विजय', दापोली कृषी विद्यापीठाचा 'कोकण भूषण'. यांना मांडव लागत नाही, कुंडीतही येतात. चव गावरानाची नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

रनर बीन असेल तर: दोष उन्हाचा

हा वेल मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या उंच, थंड डोंगरांतला. तिथे तो जमिनीत गड्डा धरून वर्षानुवर्षं टिकतो. इंग्लंडमध्ये घरोघरी लावतात, कारण तिथला उन्हाळा त्याला मानवतो. पारा 30 अंशांच्या वर गेला की त्याची फुलं देठापासून गळायला लागतात. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये दुपारचा पारा 33-34 ला सहज जातो. मार्चनंतरचं तर बोलायलाच नको. जूनमध्ये लावलेल्या रनर बीनला लाल फुलं येतील, फोटो छान निघतील, शेंग लागणार नाही.

मराठवाड्यात त्याला एकच खिडकी आहे. दसऱ्याच्या आसपास बी टोकायचं, म्हणजे फुलं डिसेंबरात येतात आणि शेंगा फेब्रुवारी संपायच्या आत हाती लागतात. गच्चीवर असेल तर दुपारी पश्चिमेचं ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. मुळाशी वाळलेल्या गवताचं किंवा सोयाबीनच्या भुसाचं जाड आच्छादन हवं, कारण कुंडीतली माती तापली की वरून कितीही पाणी दिलं तरी फूल टिकत नाही. फरसबीशी संकर करून काढलेल्या काही जाती उष्णता जरा जास्त सोसतात. बी मागवणारच असाल तर पाकिटावर ते शोधा.

दुसरी अडचण मधमाश्यांची. फरसबीचं फूल स्वतःच्याच परागावर शेंग धरतं, वालाचंही बरंचसं तसंच. रनर बीनला मात्र फुलावर माशी बसून पाकळी दाबली गेली तरच शेंग लागते. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत माशीच फिरकत नसेल तर सकाळी लवकर फुलाच्या खालच्या पाकळ्या बोटाने हलकेच दाबून सोडायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण चार वेलांपुरतं जमतं. शेजारी तुळस फुलू दिली तर माश्या आपोआप येतात.

फरसबीचं गणित या दोघांच्या मधलं. तिला दिवसाच्या लांबीशी फार देणंघेणं नाही, पण ऊन सोसत नाही. 15 ते 25 अंश तिला उत्तम. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावली की चाळीस-पन्नास दिवसांत, म्हणजे थंडी पडल्यावर ती फुलते.

फुलं येतात आणि गळतात

सगळी फुलं टिकत नाहीतच. शेंगवर्गी पिकं निम्म्याहून जास्त फुलं स्वतःच टाकतात, त्यामुळे खाली चार फुलं पडलेली दिसली म्हणून घाबरू नका. दांड्यावर एकही शेंग बसत नसेल तरच पुढची तपासणी करा.

पहिला संशय पाण्यावर घ्या. आपली काळी जमीन ओली असताना चिखल आणि सुकली की भेग. परतीचा पाऊस थांबतो, ऑक्टोबरचं ऊन लागतं, आठवड्यात भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळ्या तुटतात. नेमकी तीच कळीची वेळ. पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवस 'जमीन ओली आहे' म्हणून पाणी न देणं हे फूलगळीचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण आहे. वरची माती खुरप्याने मोकळी करून भेगा बुजवा, आच्छादन टाका, आणि कळी दिसल्यापासून पाण्याचा ताण पडू देऊ नका. त्याआधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, वालाला जरा ताणावर ठेवलेलंच बरं.

दुसरा संशय खतावर. वालाला नत्र जवळपास लागतच नाही. तूर, मूग, उडीद, भुईमुगाच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू वालालाही चालतात, आणि ही पिकं आपल्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या घेतली जातात. एखादं रोप उपटून मुळाची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर वेल आपलं नत्र स्वतः कमावतोय. त्यावर युरिया टाकला की पाला माजतो आणि कळी मागे पडते. फरसबी आणि रनर बीनचं तसं नाही. त्यांना लागणारे जिवाणू वेगळे असतात आणि आपल्या मातीत ते पुरेसे नसतात, म्हणून गाठी तुरळक दिसतात. त्यांना मात्र शेणखत भरपूर आणि थोडं नत्र द्यावंच लागतं. एकच सल्ला तिघांना दिला की एकाचं तरी नुकसान ठरलेलं. रायझोबियमचं, म्हणजे या गाठींच्या जिवाणूंचं, पाकीट घ्यायचं तर कोणत्या पिकाचं आहे ते विचारून घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशी जिवाणू खतं मिळतात. प्रमाण साधारण किलोभर बियाला 25 ग्रॅम, सावलीत चोळून लगेच पेरायचं.

तिसरा संशय अळीवर. फुलांचा गुच्छ जाळ्याने एकमेकांना चिकटल्यासारखा दिसतोय, आत बारीक विष्ठा आहे? ही ठिपक्यांची शेंगा पोखरणारी अळी. तिच्यावर वरवरची फवारणी चालत नाही, कारण ती जाळ्याच्या आत असते. तो गुच्छच खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. सकाळी चहाआधी एक फेरी मारायची सवय लावली तर परसबागेत औषधाची वेळ येत नाही.

शेंड्यांवर काळा मावा बसतो तो वेगळा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील तर आणखी काही करू नका, तेच काम करतात. मावा फारच झाला तर निंबोळीचा पाच टक्के अर्क: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडा साबण घालून. फवारणी संध्याकाळीच करा. सकाळी फुलावर काळे भोंगे आणि माश्या असतात.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तेही नव्या पानांत आधी, असं असेल तर ते बहुधा बोअरच्या जड पाण्याचं आणि चुनखडीचं दुखणं आहे. मातीत लोह असतं, वेलाला उचलता येत नाही. कुंडीच्या मातीवर पांढरा थर दिसत असेल तर तो खरवडून काढा. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर ते कुंड्यांना आधी द्या. पिवळेपणा असा शिरांना धरून नसेल, पानावर पिवळे-हिरवे चट्टे विखुरलेले असतील, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. रोप उपटा आणि मोह धरू नका.

मांडव का कोसळतो

दरवर्षी परतीच्या पावसात मांडव बसतो, आणि दोष वाऱ्याला दिला जातो. वारा असतोच, पण खरं ओझं भिजलेल्या पाल्याचं. चार महिने माजलेला वेल रात्रभराच्या पावसानंतर जे वजन धरतो, ते तुराट्यांना पेलणार नाही. तुराटी फरसबीला पुरते. वालाच्या मांडवाला लावली तर एका हंगामात तिला वाळवीच खाऊन टाकते. पऱ्हाटीच्या बाबतीत जरा जपून: कपाशीची बोंडं लागलेल्या काड्या घराजवळ आणल्या की गुलाबी बोंडअळीही बरोबर येते.

वालासाठी बांबू किंवा बाभळीचे दांडे घ्या, दीड-दोन फूट जमिनीत. बांबू नेहमी मातीच्या पातळीवर कुजून मोडतो. तेवढ्या भागाला डांबर किंवा गॅरेजमधलं जळकं ऑइल लावून वाळवून मग गाडा, दोन-तीन हंगाम टिकतो. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून ओळ पूर्व-पश्चिम ठेवली की वारा आडवा बसत नाही. रनर बीन आणि वेली फरसबीला दोन्ही बाजूंनी तिरपे दांडे लावून वर एक आडवी काठी बांधली की पुरे. उंची सात-आठ फूट.

वेलाला दोडक्यासारखे तणावे नसतात. तो स्वतःच आधाराभोवती वळत चढतो. त्यामुळे गुळगुळीत जाड पाइपावर तो घसरतो आणि खाली गोळा होऊन बसतो. लोक म्हणतात वेल चढतच नाही. पाइपाभोवती सुतळी गुंडाळा किंवा शेजारून दोरी सोडा, दोन दिवसांत चढायला लागेल. हाताने वळवायचा तर तो ज्या बाजूने वळतोय त्याच बाजूने. उलटा गुंडाळलात तर रात्रीतून सुटून खाली येतो.

दोरीत मला सुतळी किंवा काथ्याच आवडतो. नायलॉन टिकतो हे खरं, पण हंगाम संपल्यावर वाळका वेल त्यातून सोडवत बसावं लागतं. सुतळीसकट वेल थेट खताच्या खड्ड्यात जातो. पातळ सुतळी दुहेरी घ्या. मांडवाच्या माथ्याला वेल लागला की शेंडा खुडायचा. मग तो बाजूला फुटतो आणि खालून फुलांचे दांडे धरतो.

शेंगा लागल्यावर

दोन-तीन दिवसांनी तोडा. शेंग वेलावर पिकू दिली की वेलाला वाटतं काम झालं, आणि नवी फुलं कमी होतात. वालाची शेंग तोडताना दांडा मोडू नका, त्याच दांड्यावर पुढे पुन्हा फुलं येतात. बियाण्यासाठी एकच वेल वेगळा राखून ठेवा, सगळ्यांवर थोड्या थोड्या शेंगा सोडू नका.

हिरव्या शेंगा न धुता, कापडी पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच दिवस नीट राहतात. फार गारठ्यात त्यांच्यावर तांबूस डाग पडतात, म्हणून फ्रीजरच्या लगतच्या कप्प्यात ठेवू नका. महिनोन् महिने ठेवायच्या तर चिरून दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, कोरड्या करून फ्रीजरमध्ये. पण ज्या गावात दुपारभर लाइट नसते तिथे हा उद्योग करू नये. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या शेंगेला ना चव ना पोत. त्यापेक्षा अशाच वाफवून सावलीत वाळवा. फेब्रुवारी-मार्चची आपली हवा इतकी कोरडी असते की तीन-चार दिवसांत खडखडीत होतात. येसराच्या रश्शात या वाळक्या शेंगा ताज्यांपेक्षा सरस लागतात.

डब्यातल्या दाण्याला भुंगा

डबा घट्ट होता, तरी भुंगा आत आलाच कसा, असं दरवेळी विचारलं जातं. तो बाहेरून आलेला नसतो. भुंग्याची मादी शेतातच, वेलावरच्या शेंगेवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि दाणा डब्यात गेल्यावर भोक पाडून बाहेर पडते. म्हणून झाकण कितीही घट्ट असलं तरी उपयोग नाही. दाणा भरण्याआधी काहीतरी करावं लागतं.

शेंग कागदासारखी वाजायला लागली की लगेच काढा, वेलावर ठेवून देऊ नका. दाणे उन्हात इतके वाळवा की दाताखाली कट्ट वाजून तुटतील. दात उमटला तर अजून ओल आहे. मग घट्ट डब्यात भरून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. अंडी, अळी, भुंगा, सगळं मरतं, आणि नीट वाळलेल्या बियाची उगवणही बिघडत नाही. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. नाहीतर आत दव धरतं आणि केलेलं वाळवण फुकट जातं. फ्रीजर नसेल तर खायच्या दाण्यांना किलोमागे चमचाभर तेल चोळा. निव्वळ बियाण्यासाठी ठेवायचे असतील तर चाळलेली राख उत्तम.

गहू-ज्वारीच्या कोठीत टाकतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या डब्यात, खोलीत कुठेही नकोत. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू झोपेत माणसं मारतो. दोन किलो वालासाठी हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

वाळलेले दाणे शिजवताना एवढं सांभाळा. फरसबीचे आणि रनर बीनचे दाणे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ले तर उलट्या-जुलाब होतात. पाच तासांहून जास्त भिजवून ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळी येऊ द्या, मग मऊ शिजवा. मंद आचेवर नुसतं ठेवून दिलं तर विषारी अंश तसाच राहतो. वालाचा वाळका दाणाही रात्रभर भिजवून, पाणी टाकून, पहिलं उकळलेलं पाणीही ओतून द्यावं. गडद रंगाच्या दाण्याला हे जास्त लागू. कोवळ्या शेंगेच्या भाजीला यातलं काही करावं लागत नाही.

पुढच्या वर्षासाठी बी ठेवताना वालाचं बी निर्धास्त ठेवा, ते बहुतेक आईवरच जातं. रनर बीनच्या दोन जाती शेजारी लावल्या असतील तर माश्यांनी त्यांची सरमिसळ केलेली असते, त्यामुळे पुढच्या वर्षी काय उगवेल याची खात्री नाही. डब्यावर जात, वर्ष आणि कधी लावायचं तो महिना लिहून ठेवा. महिना विशेषतः.